जड गाडी की हलकी?

"…म्हणजे आरामाला ही, आणि वळायला ती. मग घ्यायची कुठली, बुवा?"

केरूबुवा देवळाच्या पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी एक खडा काढला आणि बाजूला टाकला.

"सांगा की," रणधीर म्हणाला.

बुवांनी दुसरा खडा काढला.

रणधीर इंगवले कोल्हापूरचा. मोटारसायकलवाल्यांच्या एका क्लबाचा म्होरक्या. गाडीबद्दल कुणी चार शब्द शिकवलेले त्याला खपत नसत, स्वतः शिकवायला मात्र तो एका पायावर तयार असे. अशा माणसाने कुणापुढे हात जोडून उभं राहायचं म्हणजे नवलच. पण केरूबुवांची गोष्ट वेगळी होती. त्यांची उमेदीची सगळी वर्षं पोलिसांना मोटारसायकल शिकवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते कोकणात उतरणाऱ्या या घाटाच्या तोंडाशी, भैरोबाच्या देवळात येऊन राहिले. येणारेजाणारे गाडीवाले इथे थांबत, शंका विचारत. उत्तर मिळेलच अशी खात्री नसे.

देवळापुढे दोन गाड्या उभ्या होत्या.

एक रणधीरची. खास लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. पुढे वारा अडवायला भली मोठी काच, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे बसणाऱ्याला टेकायला गादी. दुसरी त्याचा मित्र बापू शिंत्रे याची. तीही लांब पल्ल्याचीच, पण बुटकी आणि हलकी. गाड्यांची अदलाबदल करायचं दोघांच्या मनात होतं, म्हणून सकाळी जोडीनेच निघाले होते. बापू आता सभामंडपात टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला होता.

"माझी दिवसभर चालवली तरी पाठ म्हणून दुखत न्हाई," रणधीर पुन्हा सुरू झाला. "सरळ रस्त्याला घरात बसल्यासारखं वाटतंय. पण घाटात? म्हैस पाण्यात बसली की उठत न्हाई, तशी वळणात एकदा कलली की हलायला मागत न्हाई. बापूची बघाल तिकडं वळते. पाय जमिनीला टेकतात. फक्त वारं छातीवर येतंय, आणि मागची सीट म्हणजे निव्वळ पाट."

"चालवतो कोण?"

"मीच की."

"आणि मागं?"

"वसुधा. आमच्या मंडळी."

"त्यांना कुठली बरी वाटती?"

रणधीरने नळाकडे पाहिलं. वसुधा तिथे तोंड धूत होती. तिची पिशवी मात्र गाडीच्या पेटीत नव्हती. ती रस्त्यापलीकडे, एसटीच्या थांब्यावर ठेवलेली होती.

"ती कुठल्याच गाडीवर बसणार न्हाई म्हणती आता," तो हळूच म्हणाला. "हितनंच एसटीनं परत जाणार. आणि ह्यापुढं यायचंच न्हाई, असं म्हणती."

बुवांचा हात सुपात थांबला.

"लग्न झाल्यापास्नं आम्ही दोघं फिरतोय, बुवा. तिच्यासाठी हे धूड घेतलं. तिच्यासाठी गादी लावली. चालता चालता बोलता यावं म्हणून तिच्या हेल्मेटात यंत्र बसवलं. आणखी काय करायचं माणसानं? म्हटलं, गाडीच अवजड हाय, हलकी घेतली तर येईल…"

एवढ्या बोलक्या माणसाचा आवाज शेवटी पार खाली गेला. तिच्याशिवाय फिरायची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. क्लबातल्या कुणाला हे सांगायची त्याची छाती नव्हती.

बुवांनी सूप बाजूला ठेवलं, उठले आणि हात पुढे केला.

"किल्ली आण. आणि ते जाकीट काढ."

"कशाला?"

"मी चालवतो. तू मागं बस."

रणधीर हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की बुवा हसत नाहीत.

त्याने आपली गाडी आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. कुणाच्या मागे बसून तर कॉलेजनंतर कधी गेला नव्हता. काहीतरी सबब सांगावी म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात नळावरून वसुधा बघत असलेली दिसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत काही उत्सुकता होती. त्याने निमूटपणे जाकीट उतरवलं आणि बुवांनी ते अंगात चढवलं.

"कुठली काढू?" बुवांनी विचारलं.

"आधी माझी बघा."

गाडी घाटात शिरली. बुवा वेडंवाकडं चालवणारे नव्हते. पण मागून रणधीरला रस्ता दिसेना. दिसत होतं ते बुवांचं हेल्मेट आणि बाजूने पळणारा कठडा. वळण कधी येणार, ब्रेक कधी लागणार, काही कळायला मार्ग नाही. गादीला टेकायचं त्याला सुचलंच नाही. पहिल्या वळणाला त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबू लागला. पुढच्या वळणाला समोरून ट्रक आला आणि रणधीरने दोन्ही हातांनी गादीची कड धरली.

त्याच्या क्लबात एक नियम होता. मागे बसलेल्याने खांद्यावर एक थाप मारली तर सावकाश, दोन मारल्या तर थांब. यंत्र बिघडेल, वाऱ्यात शब्द उडून जातील, थाप मात्र चुकत नाही, असं रणधीर नव्या जोडप्यांना बजावून सांगे. नियम त्याचाच होता. थाप मारायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आली नव्हती.

त्याने एक थाप मारली.

गाडी चालली होती तशीच चालली.

त्याने दोन मारल्या. मग थोड्या वेळाने पुन्हा दोन, जरा जोरात.

बुवा बरेच खाली गेले, एका ऐसपैस जागी गाडी वळवली आणि तशीच वर आणली. देवळापाशी उतरले, बापूला हलवलं. बापूने टोपीखालूनच आपली किल्ली काढून दिली.

"आता ही."

"बुवा, ऱ्हाऊ दे की…"

"तुलाच तर ठरवायचंय."

हलकी गाडी खरोखरच बघाल तिकडे वळत होती. वळणं भराभर मागे पडत होती, वारं तोंडावर येत होतं. रणधीरने बुवांच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. पुन्हा मारल्या. मग कमरेला मिठी मारून डोळे मिटून घेतले. खाली सीट होती की पाट, याचं त्याला भान राहिलं नव्हतं.

परत आल्यावर तो उतरला. वसुधा नळापाशीच उभी होती.

"कुठली बरी?" बुवांनी विचारलं.

"बुवा, मी थापा मारल्या की तुमच्या खांद्यावर."

"हं."

"दोन. म्हणजे थांबा." रणधीरला एकदम त्यांचीच बाजू घ्यावीशी वाटली. "ह्या जाकिटाचे खांदे लई जाड हायेत. लागल्या नसतील तुम्हांला."

"लागल्या की."

"मग थांबला का न्हाई?"

बुवांनी जाकीट काढून नीट घडी केली.

"म्हटलं, जरा पुढं जाऊन थांबू. तिथं जागा चांगली हाय."

हे वाक्य रणधीरने या आधी कितीतरी वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी ते त्याच्याच तोंडून निघालं होतं. मान वर करून वसुधाकडे बघायची त्याला लाज वाटली.

बुवा पायरीवर बसले. सूप मांडीवर घेतलं.

घाटात खालून इंजिनाची घरघर ऐकू आली. कोल्हापूरची एसटी वर चढत होती. वसुधाने ओढणी सारखी केली.

"येतो मी, बुवा," ती कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी म्हणाली. "ह्यांना सावकाश जावा म्हणावं."

आणि ती रस्ता ओलांडून पिशवीपाशी गेली.

रणधीर जागचा हलेना. एकदा या गाडीकडे, एकदा त्या गाडीकडे बघत राहिला. एसटीचं तोंड शेवटच्या वळणावर दिसलं. तसा तो खाली वाकला आणि त्याने बुवांचे पाय धरले.

"बुवा, आता तरी सांगा. कुठल्या गाडीवर बसंल ती?"

केरूबुवांनी एक खडा काढला. तो बोटांत धरून थोडा वेळ बघितला.

"गाडीचं मागनं बघू," ते म्हणाले. "आज येताना तिला कुठं थांबायचं होतं, ते विचारून ये."