सातव्या विहिरीतली हाक

टेकडीपासून शेतांपर्यंत उतरलेली ही विहिरींची रांग म्हणजे आमची कारेझ. विहिरी आतून बोगद्याने जोडलेल्या आहेत. डोंगराखालचं पाणी तिथून आमच्या गव्हाला आणि डाळिंबांना मिळतं. पाहुण्यांनो, सातव्या विहिरीशी जरा हळू बोला.

असं सांगतात की, एका दुष्काळात वरचं गाव आणि आमचं गाव पाण्याच्या पाळीवरून हातघाईवर आली. त्याच सकाळी लालगुल गाळ काढायला या विहिरीत उतरला होता. दोर धरणारेच भांडणात धावले, आणि झटापटीत विहिरीचं तोंड ढासळलं. लालगुलची आठवण कुणालाच राहिली नाही.

दुपारी जिल्ह्याचा हाकिम आला. त्याच्यासमोर जिरग्याने, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पंचायतीने, तहाचा दगड ठेवला. दगड आहे तोवर कारेझीवर फावडं चालवायचं नाही. उचलायचा तर दोन्ही गावांचा कारभार पाहणाऱ्या मलिकांनी मिळून. मग वरचा मलिक हाकिमाबरोबर कचेरीला निघून गेला. वाट दोन दिवसांची.

तिसऱ्या प्रहरी लालगुलची बायको तोरपेकय त्याची भाकरी घेऊन आली. खालून आवाज येत होता म्हणे.

"मलिकबाबा, दगड उचला. माझा माणूस जिवंत आहे!"

आमचा मलिक सरबुलंद म्हणाला, "बेटी, मी एकट्याने उचलला तर दोन्ही गावं एकमेकांना कापून काढतील."

तिने डोक्यावरची चादर त्याच्या पायाशी टाकली. बाईने असं केलं की आम्ही पठाण उपसलेली तलवारही म्यान करतो. सरबुलंद ढसाढसा रडला, वरच्या मलिकामागे त्याने घोडेस्वार पिटाळला, पण दगड उचलला नाही. शब्द मोडण्यापेक्षा मान मोडलेली बरी, असं आमच्यात म्हणतात. कुणाची मान, हे कुणी विचारत नाही.

दगडाने फावडं अडवलं होतं, हात नव्हे. तोरपेकय नखांनी माती उकरू लागली. एकही पुरुष पुढे झाला नाही, याची मला अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवशी खालचा आवाज थांबला. ती थांबली नाही. चौथ्या दिवशी वरचा मलिक परतला, तेव्हा ती लालगुलचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

आजही जिरगा दगड ठेवण्याआधी गावातली एक बाई प्रत्येक विहिरीत हाक मारते, "आत कुणी आहे का?" ती "कुणी नाही" म्हणेपर्यंत हाकिमालाही तिष्ठत राहावं लागतं. सातव्या विहिरीशी ती जास्तच वेळ थांबते. मी सरबुलंदच्या घराण्यातला. तेवढा वेळ मान खाली घालून उभं राहायचं काम माझं.