करकोच्यासाठी राखलेले सरपण

डोंगराच्या कुशीत, तळ्याला लागून असलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे, आणि त्या अस्वलाला सरपणाचा भारी नाद होता. मुलांनो, कुणाला पतंगांचा नाद असतो, कुणाला गोट्यांचा, याला लाकडांचा. सकाळी उठावे, रानभर हिंडावे, वाऱ्याने पडलेली वाळकी फांदी दिसली की छातीशी धरून कडाकड मोडावी आणि खांद्यावर टाकून घरी आणावी. घर म्हणजे एक मोठी कपार. तिच्या तोंडाशी त्याने सरपणाची अशी देखणी रास रचली होती की येणाराजाणारा घटकाभर थांबून बघत राही. जाड लाकडे खाली, बारकी वर, आणि सगळ्यांची साल आभाळाकडे, म्हणजे दव पडले तरी ओघळून जावे. आत कोपऱ्यात उन्हाळ्यातल्या वणव्याचा विस्तव राखेखाली जपून ठेवलेला असे.

या नादात त्याला दोन जोडीदार होते. सुतारपक्षी फांदीवर चोच आपटून आत ओल आहे का ते सांगे, आणि काट्याकाट्यांची साळू आपल्या धारदार दातांनी लांब फांदीचे तुकडे पाडून देई. उभ्या झाडाच्या ओल्या फांदीला हात लावायचा नाही, हा नियम तिघेही पाळत. बाकी कशावर म्हणून त्यांचे एकमत होत नसे.

"धावड्यासारखं लाकूड नाही," अस्वल म्हणे. "एकदा निखारा धरला की पहाटेपर्यंत मरत नाही."

"तो निखारा धरीपर्यंत आपण गारठून मरतो, त्याचं काय?" साळू म्हणे. "मला आपल्या करवंदीच्या काटक्या बऱ्या. चटकन पेटतात आणि तडतड बोलतात तरी."

"आधी तो काल आणलेला पांगारा बाहेर काढा," सुतारपक्षी मान वाकडी करून म्हणे. "जाळ नाही, ऊब नाही, नुसता धूर. माझ्या डोळ्यांचं पार वाटोळं झालं."

"पांगारा मी नाही आणला," अस्वल म्हणे.

"मग काय, चालत आला?"

असे रोज चाले. थंडी पडली की कपारीपुढच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी शेकोटी पेटे. ससे येत, हरणे येत, कुणी पाठ शेकी, कुणी पाय, आणि कुठले लाकूड कसे जळते यावर गप्पा रंगत. पण अस्वलाचे कान मात्र आभाळाकडे लागलेले असत. कारण दर हिवाळ्यात दूर उत्तरेकडून करकोच्यांचे थवे तळ्यावर उतरत, आणि त्यातला एक म्हातारा करकोचा त्याचा जिवाचा मित्र होता.

ही मैत्री जुळली तीसुद्धा शेकोटीमुळेच. फार पूर्वी एका धुकट संध्याकाळी तो करकोचा थव्यातून चुकला होता. भिजलेला, थकलेला, खाली नुसते काळे रान. "तुझ्या शेकोटीचा उजेड दिसला म्हणून उतरलो," तो म्हणाला होता, "नाहीतर आज काही खरं नव्हतं." अस्वलाने त्याला ऊब दिली आणि रात्रभर लाकडांच्या गोष्टी सांगितल्या. दुसरा कुणी असता तर जांभया दिल्या असत्या. करकोच्याने मात्र एकेक गोष्ट मन लावून ऐकली. तेव्हापासून तो दर वर्षी येई, आणि येताना चोचीत एक काडी आणी. इकडे कुठेच न होणाऱ्या एका झाडाची ती काडी असे. ती निखाऱ्यावर ठेवली की असा काही वास दरवळे की जंगलाबाहेर कधी पाऊल न टाकलेल्या अस्वलाला बर्फाचे डोंगर डोळ्यांपुढे दिसू लागत.

गेल्या खेपेला निघताना मात्र करकोचा म्हणाला होता, "मित्रा, आता पंख दुखतात रे. अजून किती खेपा होतील, सांगता येत नाही." ते शब्द अस्वलाच्या मनात रुतून बसले. वर्षभर त्याला दुसरे काही सुचले नाही. करकोचा पुन्हा येईल ना, एवढे एकच. आणि त्याने ठरवले की यंदाची शेकोटी अशी करायची की म्हाताऱ्याच्या दुखऱ्या पंखांना ऊब पुरून उरावी.

मग काय विचारता. धावडा शोधत ते पार पलीकडच्या दरीपर्यंत जाऊन आले. वठलेल्या चिंचेचे बुंधे ओढत आणले. रास कपारीच्या छतापर्यंत पोहोचली. थंडी पडली, ससे नेहमीसारखे येऊन बसले, आणि अस्वल म्हणाले, "आज नाही. हे करकोच्यासाठी आहे. तो आला की पेटवू."

"अरे, मूठभर काटक्या तरी," साळू म्हणाली. "बारकी पोरं कुडकुडताहेत."

"आज मूठभर, उद्या मूठभर, असं करत रास संपते. तो आला आणि लाकूड कमी पडलं तर?"

"आम्हीही लाकडं वाहिलीत, दादा," सुतारपक्षी हळूच म्हणाला.

अस्वलाने ऐकले न ऐकल्यासारखे केले. ते काही वाईट नव्हते हो. त्याला त्या एका मित्रापलीकडे काही दिसत नव्हते, इतकेच. हळूहळू ससे येईनासे झाले. हरणे डोंगराच्या उबदार अंगाला निघून गेली. साळू आपल्या बिळात जाऊन बसली. आणि अस्वल रोज संध्याकाळी करकोच्याच्या बसायच्या दगडावरचा पाचोळा पंजाने झाडी आणि तळ्याकडे तोंड करून बसून राही. वर कुठे पंख फडफडले की ते उठून उभे राही. बगळा असे, नाहीतर घार. पुन्हा खाली बसे. इतकी लाकडे शेजारी असून ते अंधारात एकटे गारठत बसलेले असे, आणि त्याला फक्त एक लांब मान आठवत राही, शेकोटीशी डुलणारी.

थंडी सरत आली तेव्हा एके सकाळी तळ्यावरची टिटवी कपारीशी आली. तिच्या चोचीत एक काडी होती. तिने ती खाली ठेवली.

"हे तुझं. बरेच दिवस माझ्याकडे पडून होतं. मला वाटलं, तू हे जंगलच सोडलंस. आज साळूने सांगितलं, तू इथंच आहेस."

अस्वलाने काडी हुंगली आणि तो वास लगेच ओळखला. "तो आला होता?"

"थंडीच्या सुरुवातीलाच. दिवस बुडताना या रानावर उंच धुक्यातून घिरट्या घालत होता. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, 'वरून सगळं रान सारखंच काळं दिसतं गं. उजेड बघून उतरायचो, तो उजेड कुठे दिसत नाही. अस्वल बरं आहे ना?' मला काय ठाऊक? चार संध्याकाळी शोधलं बिचाऱ्याने. मग ही काडी ठेवून थव्याबरोबर खालच्या धरणाकडे गेला."

अस्वल राशीकडे पाहत राहिले. एकावर एक नीट रचलेली, साल वर केलेली, खडखडीत वाळलेली लाकडे. त्यातली ओंजळभर जरी रोज जाळली असती तरी मित्र शेजारी येऊन बसला असता. त्याला रडू आले, आणि त्याने ते लपवलेही नाही.

त्या संध्याकाळी त्याने शेकोटी पेटवली आणि स्वतः दारोदार जाऊन सगळ्यांना बोलावून आणले. साळू आधी गाल फुगवून बसली, पण करवंदीच्या काटक्या तडतडू लागल्यावर तिलाही राहवेना. मग अस्वलाने ती काडी निखाऱ्यावर ठेवली. तोच वास दरवळला. सशांची पिल्ले नाक वर करून म्हणाली, "हे काय आहे?" अस्वलाने त्यांना बर्फाच्या डोंगरांची गोष्ट सांगितली. दगड मात्र रिकामाच होता, आणि सांगताना त्याची नजर पुन्हापुन्हा तिकडेच जात होती. त्या दिवसापासून शेकोटी एकही संध्याकाळ चुकली नाही.

मग ऊन तापू लागले. एके दुपारी दक्षिणेकडून ओळखीचा कर्र कर्र आवाज आला. करकोचे परत उत्तरेला निघाले होते. पुष्कळ उंचावर त्यांची लांबच लांब रांग दिसत होती. अस्वलाने धावत जाऊन धावड्याची लाकडे पेटवली, पण भर उन्हात जाळ कुणाला दिसणार? रांग पुढे सरकू लागली. अस्वलाचा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात सुतारपक्षी ओरडला, "पांगारा टाक, दादा, पांगारा! सगळाच्या सगळा!"

ज्याला धुराचा एवढा वैताग, तोच चोचीने पांगाऱ्याच्या फांद्या पुढे ढकलू लागला. साळूने उरलेल्या ओढून आणल्या. धुराचा जाड पांढरा लोट सरळ आभाळात चढला. सगळे खोकून बेजार झाले, पण जागचे कुणी हलले नाही.

रांगेतून एक पक्षी सुटला. मोठमोठ्या घिरट्या घेत तो खाली आला, झाडांच्या शेंड्यांपर्यंत, इतका की त्याची लोंबती पावले दिसली. थवा थांबणार नव्हता. एकट्याला मागे राहणेही झेपणारे नव्हते. "आहेस तर," तो वरूनच म्हणाला. "पुढच्या थंडीला हे असंच पेटतं ठेव. पंख साथ देतील तोवर मी येईन."

"ठेवीन," अस्वल म्हणाले.

करकोचा ठिपक्याएवढा होईपर्यंत ते वर बघत राहिले. मग डोळे पुसून साळूला म्हणाले, "चल, संध्याकाळची लाकडं काढू. मंडळी येतील."

तात्पर्य : मनात साठवून ठेवलेली माया दुरून येणाऱ्याला दिसत नाही, ज्याची वाट पाहायची त्याच्यासाठी शेकोटी तो येण्याआधीच पेटवावी, आणि तो येईपर्यंत शेजारच्यांना तिची ऊब द्यावी.