हौसाबाईंचा नमुना

एका शहरात विभावरी नावाची एक संशोधक राहत असे. गावोगावच्या इस्पितळांतून फ्लूच्या रोग्यांच्या नाकातले नमुने तिच्या प्रयोगशाळेत येत. त्यातल्या विषाणूची जनुके वाचायची आणि तो किती बदलला ते पाहायचे, हे तिचे काम. विषाणू बदलत राहतो. लस जुनीच राहिली तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

एकदा ती स्वतःच एका तालुक्याच्या इस्पितळात नमुने घ्यायला गेली. तिथे हौसाबाई नावाची भाजीवाली तापाने फणफणली होती. तिला धाप लागली होती. विभावरी तिच्या नाकातला नमुना घ्यायला पुढे झाली.

"यानं मी बरी हुईन का, बाई?" तिने विचारले.

विभावरीला खोटे बोलवेना. "नाही, मावशी. हे पुढच्यांसाठी आहे."

"मग घ्या की," हौसाबाई म्हणाली. त्याच आठवड्यात ती वारली.

तिच्या नमुन्यातला विषाणू वाचताना विभावरी थबकली. तो चांगलाच बदलला होता. चालू लस त्याला अडवील असे दिसेना. नव्या लसीत काय घालायचे हे ठरवणारी तज्ज्ञांची बैठक तर तोंडावर आली होती.

तिचे वरिष्ठ अच्युतराव म्हणाले, "एवढ्यात जाहीर करू नकोस. मोठ्या प्रयोगशाळा ही माहिती उचलतील आणि आपल्या नावाने छापतील. आधी आपला लेख येऊ दे."

"तोवर बैठक होऊन जाईल, सर."

"बैठक पुढच्या वर्षीही असते."

अशा शोधाची विभावरीने उभे आयुष्य वाट पाहिली होती. तिलाही मोह झाला. पण हौसाबाईने नमुना देताना बदल्यात काही मागितले नव्हते, हे तिच्या मनातून जाईना. संध्याकाळी अच्युतरावांना सांगून तिने सारी माहिती जगासाठी खुली केली.

ती पाहून इतर देशांनी आपापले नमुने पुन्हा तपासले. तोच बदल तिथेही निघाला. बैठकीत लस बदलायचे ठरले. शोधाचा लेख मात्र दूरच्या एका प्रयोगशाळेने छापला. त्यात विभावरीचे नाव कुठेच नव्हते. तिला ते लागले, पण ती पुढचे नमुने तपासू लागली.

नवी लस आली तेव्हा तीही रांगेत उभी राहिली. नर्स म्हणाली, "यंदाची लस वेगळी आहे. परदेशात कुणीतरी शोध लावला म्हणे."

"बरं झालं," विभावरी म्हणाली आणि तिने बाही वर केली.

त्या वर्षी साथ आलीच. काही माणसे दगावली. पण इस्पितळातल्या कितीतरी खाटा रिकाम्या राहिल्या.

तात्पर्य: संकटाची चाहूल ज्याला आधी लागते, त्याने ती आधी सर्वांना सांगावी, श्रेय मागाहून मिळाले तर मिळाले.