बाभळीवरचा सोनकिडा

"सगळं जमलंय हो बाबा... पण तो उडत का नाही?"

एवढं बोलून मृण्मयी मठीच्या ओट्यावर मटकन बसली. चपला काढायच्या राहिल्या होत्या. लक्षात आल्यावर तिनं बसल्या बसल्याच त्या पायानं खाली ढकलल्या.

हंसगिरीबाबा सुपात मटकी निवडत होते. त्यांनी वर पाहिलं, तिला ओळखलं आणि पुन्हा खडे शोधू लागले. म्हातारा माणूस. आल्यागेल्याची गाऱ्हाणी ऐकून त्यांचेही कान किटले होते.

गेल्या श्रावणात ही बाई इथं येऊन गेली होती. मठीपुढच्या बाभळीवर तिला सोनकिडा दिसला. हिरवागार, कडेनं सोनेरी, ऊन पडलं की तांब्यासारखा लाल. खेड्यातली पोरं त्याला काड्यापेटीत घालतात आणि बाभळीचा पाला चारतात. हिनं तो प्लास्टिकच्या डबीत घातला आणि, चित्र झालं की परत आणून सोडते, असं बाबांना सांगून पुण्याला नेला.

चित्र म्हणजे कागदावरचं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. त्यात किड्याच्या अंगावरची खाच न् खाच होती, पायावरचा केस न् केस होता. भिंतीएवढ्या पडद्यावर ते लागलं तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. मृण्मयीचं नाव झालं. तीही थोडी फुगली, आता एवढं झाल्यावर कोण फुगणार नाही?

मग एका कलादालनाला तोच किडा उडताना हवा झाला. महिनाअखेरीला उद्घाटन होतं, पत्रिकाही वाटून झाल्या होत्या. आणि किडा उडेना.

म्हणजे पंख उघडत होते, वरही जात होता. पण कुणीतरी दोरा बांधून ओढावा तसा जायचा. किती वेळा केला आणि किती वेळा मोडला, त्याला सुमार नव्हता. तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. दुसरं काही काढायला घ्यावं तर हात लाकडासारखा पडून राहायचा. हे फसलं तर आपण संपलो, असंच तिनं धरून ठेवलं होतं. बाबांना तिनं ते आडपडदा न ठेवता सांगितलं.

बाबांनी हात अंगावरच्या छाटीला पुसले आणि तिच्या हातातली टॅबची पाटी घेतली. बराच वेळ बघत राहिले.

"याची डावी बाजू कुठंय?"

"ही काय, बाबा."

"ही उजवीच आहे."



मग तिनं सांगून टाकलं. एक बाजू जीव ओतून काढायची, आणि ती उलटी करून दुसरीकडे चिकटवायची. आमच्यात सगळेच असं करतात. निम्मी मेहनत वाचते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

"बरं," बाबा म्हणाले. "आणि तो कुठंय?"

"कोण?"

"आमचा..."

याच प्रश्नाची तिला वाटभर धास्ती होती.

किडा वळवळला की फोटो हलतो, तिनं सांगितलं. म्हणून डबी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची. गारठला की तो निपचित पडतो. हवा तसा बसवून फोटो काढायचे. ऊब लागली की पुन्हा हिंडू लागतो, त्याला काही होत नाही. त्या दिवशी फोटो झाले, आणखी थोडे घेऊ म्हणून तिनं डबी परत आत ठेवली. पण फोटो असे काही उतरले होते की ती कॉम्प्युटरला चिकटली ती चिकटलीच. डबीची आठवण झाली तेव्हा...

"तेव्हा?"

"उशीर झाला होता."

बाबांनी मटकीतला एक खडा उचलून ओट्याखाली टाकला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण माणूस इतका थकलेला दिसत होता की रागावण्याचेही कष्ट त्याला नकोत.

"उडताना पाहिलं होतंस त्याला?" त्यांनी विचारलं.

"कसं पाहणार? फ्रिजमध्येच तर होता..."

बोलून गेली, आणि आपलेच शब्द कानावर पडल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी हनुवटीनंच बाभळ दाखवली. "आहेत अजून. आण जा एक."

ती उठली. सवयीनं हात पर्समधल्या डबीकडे गेला.

"डबी नको. हातावर."

तिनं आणला. उजव्या हाताच्या पंजावर किडा बसला होता, आणि भिंगाशिवाय इतक्या जवळून ती त्याला पहिल्यांदाच बघत होती. एक मिशी अर्धी तुटलेली. एका पंखावर चरा. दोन्ही बाजूंचा एकमेकींशी मेळ म्हणून नव्हता.

डाव्या हातात तिनं फोन धरला. उडाला रे उडाला की टिपायचा. डोळ्यांत तेल घालून बसली.

आभाळ भरून आलेलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. किडा पुढच्या पायांनी तोंड पुसायचा, जरासा चालायचा, थांबायचा. उडायचं नाव घेत नव्हता.

"हुसकावू का?"

"तुझी मर्जी..."

तिनं बोट पुढं नेलं. पण त्याला डिवचणं काही तिच्यानं झालं नाही. बोट मागं घेतलं.

फोन धरून धरून हाताला रग लागली. तिनं तो मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं मांडीवरून ओट्यावर. बाबांची मटकी निवडून झाली होती. सूप मांडीशी घेऊन ते भिंतीला टेकले.

"बाबा, तुम्ही तरी पाहिलाय का याला उडताना?"

"इतकी वर्षं इथं बसलोय..." बाबा म्हणाले.

मृण्मयीनं खांबाला पाठ टेकली. किड्याचे पाय कातडीला किंचित टोचत होते. तो आहे, एवढं त्यावरून कळत होतं. आता बघायची गरज नाही, आहे तोवर आहे, असं काहीतरी तिच्या मनात आलं. खांदे सैल पडले. महिनोन्‌महिने न आलेली झोप अशी आली की मान कधी कलली तेही तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा ओट्यावर ऊन पसरलं होतं.

हात मोकळा होता.

तिनं ओढणी झटकली. ओट्यावर चाचपलं, खाली वाकून पाहिलं. मग बाबांकडे वळली, आणि आवाज अगदी रडवेला झाला.

"बाबा, उडाला?"

"नाहीये, म्हणजे उडालाच असणार."

"कसा उडाला? आधी काय हललं? तुम्ही तर समोरच होता... एवढं एकच सांगा, मी जाते."

बाबा डोळे चोळत होते. कलंडलेल्या सुपातून निम्मी मटकी ओट्यावर सांडली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाभळीकडे.

"मलाही डोळा लागला होता, पोरी," ते म्हणाले. "आपण दोघं कधी झोपतोय याचीच वाट बघत होता बिचारा."