काजळाची डबी आणि गुलबक्षीतली परी

सूतगिरणीच्या त्या गावात धुकं कुठलं आणि धूर कुठला, हे कुणालाच ओळखू यायचं नाही. तिथे बकुळा नावाची इवलीशी मुलगी राहायची. तिला वडील नव्हते. आई पहाटे गिरणीत जायची आणि जाताना बकुळाला व धाकट्या नामूला कावेरीमावशींच्या पाळणाघरात सोडायची. पाळणाघर म्हणजे एक अंधारी खोली आणि मागे गुलबक्षीची चार झुडपं. मावशी त्यांना बाग म्हणत, आणि मावशींपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्या थंडीत पाळणाघरात डोळे आले. लांबच्या पाहुण्यांसारखे आले आणि जायचं नावच घेईनात. मुलांच्या पापण्या चिकटायच्या, डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि सगळी खोली एका सुरात कुरकुरायची.

मावशी प्रेमळ होत्या. एवढ्या लेकरांचे डोळे एकदम बिघडले म्हणजे दृष्टच लागली, यात त्यांना शंका नव्हती. रोज दुपारी त्या पितळी डबी उघडत आणि एकाच बोटाने सगळ्यांना ओळीने काजळ घालत. डोळे जास्त लाल झाले की काजळही जास्त. सुटायचा तो फक्त दिगू, कारण तो मावशींच्या बोटाला कडकडून चावायचा.

"राहू दे मेल्याला," मावशी म्हणायच्या. "याला कोण दृष्ट लावणार?"

मग एका संध्याकाळी नामूचेही डोळे लालबुंद झाले. मावशींनी आईला दारातच गाठलं. "बाई गं, याला आता घरी ठेव. बाकीच्या आया माझ्या नावाने ओरडतात."

"मावशी, आणखी एक खाडा झाला तर मुकादम मला कामावर घेणार नाही हो. मग खायचं काय आम्ही?"

बकुळा गुपचूप मागे गेली आणि गुलबक्षीपाशी बसून रडू लागली. तेवढ्यात एक राणी रंगाचं फूल उमललं आणि आतून पिटुकली परी बाहेर आली. तिचे पंख दवासारखे लुकलुकत होते, आणि चेहरा मात्र दिवसभर उभं राहिल्यासारखा दमलेला होता.

"रडू नकोस, सोनुली. तुला दोन गोष्टी मागता येतील. पण स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि आजार पुसून टाकता येत नाही, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो."

"हा कसला नियम?"

"मी नाही केला. मी फक्त सांगते," परी म्हणाली.

बकुळाने डोळे पुसले. "मग नामूचा आजार मला दे."

"नक्की?" परीचा आवाज हळवा झाला. बकुळाने मान हलवली, आणि तिच्या पापण्यांवर चांदणचुरा भुरभुरला.

सकाळी नामूचे डोळे मोत्यांसारखे स्वच्छ होते. बकुळाचे पेटलेल्या निखाऱ्यांसारखे. ती आनंदाने कोपऱ्यात बसली. दुपारी डबी उघडली, मावशींचं बोट ओळीने फिरलं, आणि पुढच्या दिवशी नामूच्या पापण्या पुन्हा चिकटल्या. संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा मावशींनी सुस्कारा सोडला. "उद्याचा दिवस आण दोघांना. मग घरीच."

बकुळा चाचपडत झुडपापाशी गेली.

"नामूला पुन्हा बरं करू का?" परीने विचारलं.

बकुळाने खूप विचार केला. बरं करून उपयोग काय, परवा पुन्हा तेच. "नको," ती म्हणाली. "हा आजार एका मुलाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, ते मला दिसू दे."

परीकडे असं कुणी कधी मागितलं नव्हतं. लोक सोनं मागत. तिने बकुळाच्या दुखऱ्या डोळ्यांवर अलगद फुंकर घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबी उघडली आणि बकुळा दचकली. नामूच्या डोळ्यांत हिरवट चमचमते कण होते. मावशींच्या बोटाला ते चिकटले, डबीत उतरले, तिथून पुढच्या मुलीच्या डोळ्यांत गेले. दिसायला किती सुंदर! आणि शेवटच्या पाळण्यात, आजच पाळणाघरात आलेली तान्ही यमू स्वच्छ डोळ्यांनी हसत होती. बोट तिच्याकडे निघालं.

"मावशी, नका घालू!" बकुळाने त्यांचा हात धरला. "आजार डबीतून येतोय. तुमच्या बोटावरून."

मावशींचा चेहरा उतरला, मग तापला. "माझ्या आईची डबी आहे ती! पोटच्या पोरांसारखं करते तुमचं, आणि हे ऐकायचं मी?"

बकुळाला रडू फुटलं, पण तिने हात सोडला नाही. "मग दिगूचे डोळे का नाही आले?"

मावशींनी दिगूकडे पाहिलं. दिगूने आपले टपोरे, पांढरेशुभ्र डोळे त्यांच्यावर रोखले आणि सवयीने दात दाखवले. मावशींनी आपल्या काळ्या बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या उठल्या, डबी गुलबक्षीच्या मुळाशी पुरली आणि साबणाने हात धूत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण ते डोळे आल्याचं नव्हतं.

संध्याकाळी त्या आईला म्हणाल्या, "तू जा गं कामावर. दुखऱ्या डोळ्यांची पोरं मी माझ्या आतल्या खोलीत निराळी ठेवते. चूक माझी, तुझा खाडा कशाला?"

बकुळा परीला सांगायला धावली. तिचे डोळे एव्हाना पुन्हा चिकटले होते, पण मिटल्या पापण्यांवर गुलाबी, ऊबदार उजेड पसरला.

"स्वतःसाठी मागायचं नाही, असा नियम आहे," परी कुजबुजली. "न मागता द्यायचं नाही, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही. तुझा आजार मी माझ्याकडे घेते." उजेड झगमगून मोठा झाला आणि हळूहळू विझला.

बकुळाने पापण्या उघडल्या. ठसठस थांबली होती. झुडपावर फक्त फुलं होती.

नामूला बरं व्हायला आणखी काही दिवस लागले. आजार परीकथेतला असला तरी आपला वेळ घेतोच. मग एका सकाळी तो अंथरुणातून टुकुटुकु बघत म्हणाला, "ताई, तू दिसते!" आणि तिच्या गालाला हात लावायला धावला.

"आधी हात धू," बकुळा म्हणाली, आणि मग तिने त्याला कुशीत घेतलं.