मोहाखालची आग आणि सुकवाराचा आवाज

मोरटोल्याच्या सुकवाराकडे शेत नव्हतं, गाय नव्हती, धड चप्पलसुद्धा नव्हती. होतं फक्त एक झाड. गावाबाहेर, नाल्याच्या तोंडाशी, मोहाचं भलंमोठं झाड! चैत्र लागला की पहाटे त्यावरून टपटप, टपटप फुलं पडायची. पिवळसर, रसरशीत, इवली इवली, गोड गोड फुलं. ती वेचायची, वाळवायची, बाजारात विकायची आणि सुकवारा, तिची माय नि बाबा अशा तिघांनी त्यावर पावसाळा काढायचा.

बाबाचं नाव दसरू. उन्हाळाभर तो जंगलाचा राखणदार असायचा. डोंगरावर धूर दिसला की साथीदारांना घेऊन धावायचं आणि हिरव्या फांद्यांनी वणवा झोडपून काढायचा, हे त्याचं काम.

आता पुढचं सांगताना माझं डोकंच फिरतं! मोहाखाली वाळक्या पानांचा जाड थर असतो. फुलं त्यात दडून बसतात. मग फुलं चटकन दिसावीत म्हणून लोक काय करतात? झाडाखालची पानं पेटवून देतात. घरोघरी हेच. "एवढीशी तर आग!" म्हणे. दसरू सांगून सांगून थकला, पण ऐकतो कोण?

त्या दिवशी मायला ताप होता आणि बाबा डोंगरावर गेला होता. नऊ वर्षांची सुकवारा एकटीच फुलं वेचायला गेली. वाकून वाकून कंबर दुखली, काटे टोचले, टोपली काही भरेना. शेवटी तिनंही तेच केलं. चुलीतला निखारा खापरात घालून आणला आणि हळूच पानांवर ठेवला. एवढासाच!

आणि वारा सुटला. सरसर सरसर लाल जिभा पानांवरून धावल्या, नाल्यात शिरल्या आणि डोंगर चढू लागल्या. सुकवारानं फांदी घेऊन झोडपलं, माती टाकली, पण आग थांबेना. तेवढ्यात पानांतून "चिव चिव" ऐकू आलं. लावा पक्ष्याची तीन पिल्लं! सुकवारानं धुरात हात घातला. बोटं पोळली, पण तिन्ही पिल्लं तिनं फ्रॉकच्या ओच्यात घेतली आणि त्यांची आई ओरडत होती त्या ओल्या वाळूवर नेऊन ठेवली. मग ती ओक्साबोक्शी रडू लागली.

"ए पोरी, रडतेस काय? माझे पंख बघ!"

फांदीवर एक परी बसली होती. पांढराशुभ्र झगा वगैरे काही नव्हता हं तिचा! अंगठ्याएवढी परी, मोहाच्या फुलासारखी पिवळसर, अंगावर सोनेरी चमचम, पण दोन्ही पंख काजळीनं काळे. ती खोकत होती आणि भयंकर चिडली होती.

"चूक मोठी केलीस," परी म्हणाली, "पण पिल्लांसाठी हात भाजून घेतलास. ही घे तीन फुलं. एकेक फूल ओंजळीत धरून एकेक गोष्ट मोठ्यानं माग. नियम मात्र ऐक. 'आग विझव' असं मागायचं नाही. माणसानं लावलेली आग माणसांनीच विझवायची."

"हा कसला नियम!" सुकवारानं डोळे पुसले. "माझा बाबा वर आहे ना!"

"असू दे. दुसरा नियम. मदतीला धावलेल्यांना काय हवं ते त्यांनाच विचारायचं. आपल्या मनानं नाही. आणि तिसरा, पोटात काही लपवून मागितलंस तर फूल फुकट जाईल."

सुकवारा धापा टाकत जंगलनाक्यावर पोचली. तिथे सगळा गाव जमला होता. कुणी रिकाम्या बादल्या वाजवत होतं, कुणी मध्येच उभं राहून धूर बघत होतं. शहरातून जनावरांचे निमजे डॉक्टर जीप घेऊन आले होते. एक बाई सशाच्या पिल्लाला वाटीनं दूध पाजू बघत होती आणि डॉक्टर विनवत होते, "ताई, दूध नका देऊ हो! खोक्यात ठेवा, वर कापड टाका. घाबरलंय ते."

वनरक्षक शेवंता मॅडम हातात वॉकीटॉकी घेऊन उभ्या होत्या. सुकवारा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मॅडम, तुमाले काय पाहिजे?"

"बाजूला हो, बाळा."

"नाही होत! आधी सांगा, काय पाहिजे?"

मॅडमनी तिच्याकडे नीट बघितलं. "पाणी पाहिजे. वर माणसं तहानेनं कासावीस झालीत आणि टँकर चढत नाही."

सुकवारानं फूल ओंजळीत धरलं. "वरच्या लोकांना पाणी मिळू दे!"

फुलाची राख झाली. पाण्याचा थेंब नाही!

"आग सुरू कुठून झाली, कुणाला माहीत आहे का?" मॅडमनी विचारलं.

"पलीकडून आली जी, डोंगरामागून," सुकवाराचा चुलता मोतीराम घाईघाईनं म्हणाला आणि तिच्या कानाशी कुजबुजला, "पोट्टे, मी पाह्यलं तुले. चूप राह्य. नाव निघालं तर बाबाचं काम जाईल."

मॅडमनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "दसरू, आग पलीकडून येतेय. सगळे नाल्यात उतरा, नाल्यानं खाली या."

नाल्यात! नाल्यातूनच तर आग वर चढत होती!

"चूप!" चुलता म्हणाला.

"नाही राहत चूप!" सुकवारा अशी किंचाळली की बादल्या वाजायच्या थांबल्या. "आग पलीकडून नाही आली! मी लावली! आमच्या मोहाखाली, मी, सुकवारानं! ती नाल्यातूनच वर चालली आहे! बाबा, नाल्यात नको उतरू!"

चुलत्यानं कपाळाला हात लावला. मॅडमचा अंगठा अजून बटणावरच होता. त्यांनी तो उचलला तेव्हा पलीकडून फक्त खरखर ऐकू आली. मग आणखी खरखर. आणि मग दसरूचा घोगरा आवाज आला, "ऐकलं. कातळावर चढतो."

सुकवारानं दुसरं फूल धरलं. "वर पाणी मिळू दे!" फूल लखलखलं. डोंगरावरच्या प्रत्येक मोहाचं प्रत्येक फूल गार गार पाण्यानं टपोरलं आणि कातळावर दसरू आणि त्याचे पाच साथीदार घोट घोट प्यायले. त्यांनी पुन्हा फांद्या उचलल्या. खालून मॅडमनी गावाला कामाला लावलं. आगीच्या वाटेतली वाळकी पानं झाडून लांबलचक पट्टा मोकळा केला. मोतीरामसुद्धा झाडत होता, मान खाली घालून.

"आणि डॉक्टर, तुमाले काय पाहिजे?"

"जनावरांना पळायला वाट. आणि या लोकांना जरा मागे घे गं माझी बाय!"

तिसरं फूल! डोंगरापासून नदीपर्यंत हिरव्यागार, ओल्या गवताची वाट उलगडली. "मागे सरका! फोटो नको, आरडाओरडा नको!" सुकवारा दोन्ही हात पसरून लोकांना हटवत होती. ठिपक्यांची हरणं आली, पिल्लांना पोटाशी धरलेल्या वानरी आल्या, निळ्या मानेचे मोर आले. एक अस्वलीण तर गावाकडे ढुंकूनही न बघता गेली. भाजलेल्या जनावरांना डॉक्टरांनी अलगद जाळीत घेतलं.

ऊन कलायच्या आत आग विझली. माणसांनी विझवली!

दसरू खाली आला तेव्हा त्याचे फक्त डोळे पांढरे दिसत होते. सुकवारा पळाली नाही. ताठ उभी राहिली. "बाबा, मीच लावली."

"ऐकलं मी. अख्ख्या डोंगरानं ऐकलं," दसरू म्हणाला. त्यानं मटकन बसून तिला कुशीत ओढलं. "उद्यापासून जळालेल्या जागी माझ्यासोबत राबायचं, समजलं? पण तू बोलली नसतीस ना माय, तर आम्ही सहाही जण त्या नाल्यात होतो."

मोतीरामनं ते ऐकलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मोहाच्या झाडाजवळ परी वाट बघत होती. खोड काळं पडलं होतं, पण उभं होतं.

"स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस," परी म्हणाली.

"फुलं संपली ना. आणि असती तरी तुझे पंख धुऊन मागितले असते."

परी खुदकन हसली. "मग हे माझ्याकडून. आज ओरडलीस तो आवाज कायमचा तुझा. खरं बोलशील तेव्हा तो साऱ्या डोंगराला ऐकू जाईल." तिनं पंख झटकले. काजळी उडाली, आत लख्ख सोनं निघालं आणि झुळझुळत्या उजेडाचा एक झोत झाडावरून आभाळात गेला. फांदी रिकामी झाली.

तेव्हापासून मोरटोल्यात मोहाखाली जुनी लुगडी अंथरतात. फुलं वरच्या वर मिळतात, पानं जाळावी लागत नाहीत. तरी अधूनमधून एखादा आळशी माणूस निखारा घेऊन निघतोच. मग साऱ्या डोंगरावर सुकवाराचा आवाज घुमतो, "कोण आहे रे तिकडे? आधी माझ्याशी बोल!"

आणि निखारा मुकाट्यानं चुलीत परत जातो.