एकेचाळीस वर्षांचा बैल

“उद्यापासून घाणा आणि बैल व्यापारी गुलाबशेटचे! दोन हजारांना सौदा ठरला!” दिवाण त्रिंबकपंतांनी हुकूम वाचला आणि भागू तेलिणीच्या हातातली पेंडीची पाटी खाली पडली.

धोंडगिरीच्या राजवाड्यामागचा हा तेलघाणा तिच्या सासरची माणसं तीन पिढ्या चालवत होती. वाड्याला लागेल तेवढं तेल फुकट द्यायचं आणि उरलेल्यावर घर चालवायचं. घाणा गेला की चूल विझली! म्हातारे सासरे कोंडाजी तर घाण्याला मिठीच मारून बसले.

“दिवाणजी, घाणा आमचा हाय!” भागू म्हणाली.

“तुमचा? सरकारी वहीत नोंद आहे त्याची!”

ही वही म्हणजे राजे हैबतरावांचा जीव की प्राण. हत्तीपासून हंड्यापर्यंत राज्यातली प्रत्येक टिकाऊ वस्तू तीत नोंदलेली. नियमही खुद्द राजांचाच. वस्तू जुनी होते, म्हणून दरवर्षी मूळ किमतीचा दहावा हिस्सा वजा करायचा. दहा वर्षांनी काही उरत नाही, पण वस्तूचा विसर पडू नये म्हणून मोल एक कवडी लिहायचं. ती कवडी मग कायमची! हा नियम सुचला त्या दिवशी राजांनी स्वतःच स्वतःला शेला पांघरला होता म्हणे. वही चुकली असं कुणी म्हटलं, तर त्याला दहा रुपये दंड.

भागू तडक दरबारात गेली. राजांनी तिचं म्हणणं ऐकलं आणि मिशीला पीळ दिला.

“घाणा तुझा? मग सूर्य मावळायच्या आत सिद्ध कर! पण साक्षीदार नकोत आणि शपथाही नकोत. पुरावा चालेल तो फक्त माझ्या वहीतला!”

दरबार खो खो हसला. ज्या वहीत घाणा सरकारी लिहिलाय, तिनंच तो तेलिणीचा म्हणायचा! मांजरीलाच दुधाची साक्ष विचारायची म्हणा ना.

“चालंल महाराज,” भागू म्हणाली. “फकस्त वही घाण्यापाशी आणा. घाणा काही दरबारात चालत यायचा न्हाई.”

सगळी वरात घाण्यापाशी आली. तांबडा तरणाबांड बैल गोल गोल फिरत होता. त्यानं शेपटी फटकारली आणि दिवाणजींची पगडी पेंडीत पडली. ती झटकून त्यांनी वही उघडली.

“बैल एक. नाव धवळ्या. रंग पांढरा. डावं शिंग मोडकं. वय आजमितीस एकेचाळीस. मोल एक कवडी.”

“एकेचाळीस?” राजे दचकले.

“वहीत हाय म्हंजी असणारच की!” भागू म्हणाली. “दिवाणजी, ह्यो समोरचा धवळ्याच न्हवं?”

सगळ्यांनी बैलाकडे पाहिलं. बैलानंही सगळ्यांकडे पाहिलं. दोन्ही शिंगं शाबूत होती.

“धवळ्या… कधीच मेला असेल,” दिवाणजी पुटपुटले.

“मग मेल्याची नोंद कुठे आहे?” राजे गरजले.

“मामंजी आलते की नोंदवाया,” भागू म्हणाली. “कारकून म्हणला, वहीत मरणाचा रकानाच न्हाई! मोल कमी व्हतंय, पर बैल मरत न्हाई. तवापासनं आमी आमच्या पैशानं पाच बैल घेतलं. ह्यो पाचवा. आता घाण्याचं वाचा.”

“घाणा एक. बाभळीचा. मोल एक कवडी. दुरुस्तीसाठी मागणी पंधरा रुपये. नामंजूर. एका कवडीच्या वस्तूवर पंधरा रुपये खर्चणे शहाणपणाचे नाही. पुढच्या वर्षी मागणी, नामंजूर. त्याच्या पुढच्या वर्षी…”

“खाली सही कुणाची?” भागूनं विचारलं.

दिवाणजींनी राजांकडे पाहिलं. राजांनी आभाळाकडे पाहिलं.

“ह्यो घाणा चिंचंचा हाय, महाराज. उखळ आमी बदललं, त्यात फिरणारी लाकडी लाट आमी बदलली, समदं पदरमोड करून. पर सरकारी वस्तू मी हरवत न्हाई बरं का!” भागूनं एक पोतं उपडं केलं. बाभळीची कुजकी ढलपी पडली आणि मागोमाग एक मोडकं शिंग. “ह्यो तुमचा घाणा आन् ह्यो तुमचा बैल. द्या गुलाबशेटला आन् घ्या दोन हजार मोजून! आता एकतर ह्यो तांबडा बैल माझा म्हणा, न्हाईतर वही चुकली म्हणा. पर त्याला दंड हाय, महाराज!”

राजे कात्रीत सापडले. पण हार मानतील तर ते हैबतराव कसले!

“बरं! घाणा तुझा, बैलही तुझा!” ते ओरडले. “पण माझा बैल तुमच्या हाती मेला, माझा घाणा तुमच्या हाती मोडला. भरून दे नुकसान! दोन हजार!”

कोंडाजींनी डोळे मिटले. भागूनं मात्र शांतपणे पदराची गाठ सोडली आणि वहीवर दोन कवड्या ठेवल्या.

“बैलाची एक, घाण्याची एक. वहीतलंच मोल हाय. मोजून घ्या!”

राजांनी त्या दोन कवड्या पुन्हा पुन्हा मोजल्या. तेवढ्यात त्यांना तिच्या मुठीत आणखी काहीतरी दिसलं.

“ही तिसरी कवडी कशाला?”

“घाण्यापाशी बसाया मला एक पाट पायजे, महाराज. तुमचं सिंहासन आज्यांच्या काळचं न्हवं का? मग त्याचं मोल वहीत कितीसं असंल?”

राजे असे हसले, असे हसले, की बैलसुद्धा फिरायचा थांबला!

“दिवाणजी, घाणा हिच्या नावे लिहा, आणि यापुढे वाड्याचं तेल रोख पैसे देऊन घ्या,” डोळे पुसत राजे म्हणाले. “आणि ती तिसरी कवडी आधी विकत घ्या! तिच्या हातात ती असेपर्यंत मी बसणार कुठे?”

कवडीचे भागूला रोख दोनशे रुपये मिळाले. दिवाणजींनी त्याच संध्याकाळी वहीत नवी नोंद केली: कवडी एक. मोल दोनशे रुपये. दरवर्षी दहावा हिस्सा वजा. दहा वर्षांनी मोल एक कवडी.